एंट्रॉपीला पसारा म्हणू नये

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ऊष्मागतिकीच्या दुसऱ्या नियमावर (आपोआप घडणाऱ्या बदलात एकूण एंट्रॉपी वाढतेच, हा तो नियम) लेख आला, त्याबद्दल प्रथम आपले आभार मानतो. मराठी वृत्तपत्रात या विषयाला अर्धे पान मिळाल्याचे मी तरी फार क्वचित पाहिले आहे. परंतु त्या लेखात एंट्रॉपीची ओळख 'पसारा' आणि 'अव्यवस्था' या शब्दांनी करून दिली होती, आणि दाखले दिले होते ते मुलांच्या खोलीतील अस्ताव्यस्त कपड्यांचे व पिसलेल्या पत्त्यांचे. पुढच्या आठवड्यात एका वाचकाने पत्र लिहून, एंट्रॉपी वाढणे म्हणजे सर्व कणांत ऊर्जेची समान वाटणी होणे, अशी दुरुस्ती सुचवली. यांपैकी पहिले विधान दिशाभूल करणारे आहे. दुसरे सत्याच्या बरेच जवळ जाते, पण नेमके मोक्याच्या जागी चुकते. महाविद्यालयात एकतीस वर्षे हा विषय शिकवताना याच दोन गैरसमजांशी दरवर्षी माझी गाठ पडत आली, म्हणून थोडे विस्ताराने लिहीत आहे.

'एंट्रॉपी' हा शब्द जर्मन भौतिकशास्त्रज्ञ रुडॉल्फ क्लॉसियस यांनी १८६५ मध्ये घडवला. परिवर्तन या अर्थाचा ग्रीक शब्द घेऊन, 'एनर्जी'शी ध्वनिसाम्य राहील अशा बेताने, त्यांनी तो मुद्दाम बनवला. त्यांची व्याख्या निव्वळ हिशेबाची होती: संथपणे दिल्या-घेतल्या जाणाऱ्या उष्णतेला त्या वेळच्या निरपेक्ष तापमानाने (केल्विनमधील, म्हणजे सेल्सियसच्या आकड्यात २७३ मिळवून येणाऱ्या) भागायचे. १०० ग्रॅम बर्फ ३० अंश सेल्सियसच्या खोलीत वितळू दिला, तर तो खोलीकडून सुमारे ३३,४०० ज्यूल उष्णता घेतो. बर्फाचे तापमान २७३ केल्विन असल्याने त्याची एंट्रॉपी सुमारे १२२ ज्यूल प्रतिकेल्विन वाढते, आणि खोलीचे तापमान ३०३ केल्विन असल्याने तिची सुमारे ११० ने घटते. दोन्हींचा जमाखर्च मांडला की १२ ची वाढ शिल्लक राहते, आणि ही शिल्लक आहे म्हणूनच बर्फ आपोआप वितळतो. या हिशेबात पसारा कुठेच येत नाही. मात्र शिल्लक नेहमी वाढीचीच का उरते, याचे उत्तरही त्यात नाही. क्लॉसियस यांच्या त्या व्याख्येत रेणू नव्हते, उष्णता आणि तापमान एवढेच होते.

ते उत्तर व्हिएन्नाचे भौतिकशास्त्रज्ञ लुडविग बोल्ट्झमन यांनी १८७७ मध्ये दिले. त्या प्रदीर्घ शोधनिबंधाच्या आरंभी त्यांनी एक लहानसे उदाहरण घेतले आहे, आणि माझ्या मते हा विषय समजून घेण्यासाठी आजही त्याच्यासारखे दुसरे उदाहरण नाही. समजा, सात रेणू आहेत आणि त्यांच्यात मिळून ऊर्जेची सात एकके आहेत. एखाद्या रेणूकडे शून्य, एक, दोन अशी पूर्ण एककेच असू शकतात, अर्धेमुर्धे काही नाही. रेणू एकमेकांवर आदळतात आणि एकके एकाकडून दुसऱ्याकडे जातात, पण एकूण सात कायम राहतात. तर मग ही सात एकके सात रेणूंत किती प्रकारे वाटली जाऊ शकतात?

हेच मी वर्गात सात वाट्या आणि सात चिंचोके घेऊन करून दाखवत असे. सात मुले ओळीने बसत, प्रत्येकापुढे वाटी आणि वाटीत एक चिंचोका. एका डब्यात एक ते सात आकड्यांच्या चिठ्ठ्या. एक चिठ्ठी काढायची, परत टाकायची, मग दुसरी काढायची. पहिल्या आकड्याच्या मुलाने आपला एक चिंचोका दुसऱ्या आकड्याच्या मुलाला द्यायचा, आणि त्याची वाटी रिकामी असेल तर काहीच करायचे नाही. नियम सर्वांना सारखा, कोणाला झुकते माप नाही. सुरुवात तर समान वाटणीनेच झालेली. तरीही पंधरा-वीस चिठ्ठ्या निघेपर्यंत दोन-तीन वाट्या रिकाम्या पडत आणि कोणाच्या तरी वाटीत तीन-चार चिंचोके जमत. मुले हमखास म्हणत, "सर, आता खेळत राहिलो की पुन्हा सारखे होईल." तास संपेपर्यंत चिठ्ठ्या काढल्या तरी ते पुन्हा सारखे झाल्याचे मी एकदाही पाहिले नाही. रिकाम्या वाट्यांच्या जागा बदलत, श्रीमंत वाटी बदलत राही, पण साधारण तीन वाट्या रिकाम्या हे चित्र पुन्हापुन्हा दिसे.

याचे कारण मोजणीत आहे, आणि त्यासाठी दोन शब्दांत फरक करावा लागतो. किती वाट्या रिकाम्या, कितींत एक, कितींत दोन, एवढेच सांगितले तर ती 'वाटणी'. नेमक्या कोणत्या वाटीत किती, हेही सांगितले तर ती 'मांडणी'. बोल्ट्झमन यांच्या तक्त्यात वाटणीचे प्रकार पंधरा आहेत आणि सर्व मिळून मांडण्या १,७१६. प्रत्येक रेणूकडे एकेक एकक, ही वाटणी एकाच मांडणीने साधते. सातही एकके एकाच रेणूकडे, ही सात मांडण्यांनी साधते, कारण तो भाग्यवान रेणू सातांपैकी कोणीही असू शकतो. आणि तीन रेणू रिकामे, दोघांकडे एकेक, एकाकडे दोन व एकाकडे तीन, ही वाटणी तब्बल ४२० मांडण्यांनी साधते. पंधरा प्रकारांत सर्वाधिक मांडण्या हिच्याच आहेत.

पत्रलेखक वाचकांना मी आदरपूर्वक येथेच थांबवू इच्छितो. समान वाटणी ही सर्वांत दुर्मिळ वाटणी आहे. सगळी ऊर्जा एकाच रेणूने बळकावण्याच्या शक्यतेपेक्षाही तिची शक्यता कमी आहे. प्रत्येक मांडणीला सारखीच संधी मिळाली, तर रेणूंचा हा संच त्या-त्या वेळी १,७१६ पैकी एका मांडणीत असणार, आणि ती बहुधा विषम वाटणीचीच असणार. एखादा विशिष्ट रेणू घेऊन मोजले, तर १,७१६ पैकी ७९२ मांडण्यांत तो रिकामा असतो, ४६२ मांडण्यांत त्याच्याकडे एक एकक असते, २५२ मध्ये दोन, १२६ मध्ये तीन, ५६ मध्ये चार, २१ मध्ये पाच, ६ मध्ये सहा आणि फक्त एका मांडणीत सातही. पायरीगणिक आकडा साधारण निम्म्यावर येतो, पुढे त्याहून वेगाने उतरतो. रेणूंची संख्या प्रचंड वाढवली की हीच उतरण नियमित होते, दर पायरीला त्याच पटीने खाली येते, आणि तिलाच आज बोल्ट्झमन वितरण म्हणतात. वायूंतील रेणूंच्या वेगांबाबत जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६० मध्ये मांडलेले सूत्र याच कुळातले आहे.

त्या वाचकांच्या म्हणण्यात एक खरा अंशही आहे आणि तो नाकारणे योग्य होणार नाही. पुरेसा दीर्घ काळ पाहिले तर प्रत्येक रेणूची सरासरी सारखीच येते. आज रिकामा असलेला उद्या श्रीमंत होतो. पण कोणत्याही एका क्षणी पाहिले तर विषमता हीच रीत आहे. (या मोजणीवरून समाजातील संपत्तीच्या वाटपाबद्दल निष्कर्ष काढणारे लिखाण अधूनमधून वाचनात येते. रेणूंना कष्ट नाहीत, वारसा नाही आणि कायदाही नाही, एवढे लक्षात ठेवले तर तो मोह आवरता येईल.)

ही विषमता केवळ कागदावरची नाही, हे दाखवायला आपल्याकडचा माठ पुरेसा आहे. ३० अंश तापमानाच्या पाण्यातील रेणूची सरासरी गतिज ऊर्जा जेवढी असते, तिच्या सुमारे अकरा-बारा पट ऊर्जा एका रेणूला द्रवातून सुटून बाफ होण्यासाठी लागते. ऊर्जा सर्व रेणूंत समान वाटली गेली असती, तर एकही रेणू कधी सुटला नसता. वलणीवरचे कपडे वाळले नसते, समुद्राची बाफ झाली नसती आणि पाऊसही पडला नसता. प्रत्यक्षात वितरणाच्या लांबलचक शेपटीत, म्हणजे जास्त ऊर्जेच्या टोकाला, थोडे रेणू असे असतात, की त्यांच्याकडे सरासरीच्या कितीतरी पट ऊर्जा असते. माठाच्या सच्छिद्र भिंतीतून पाझरलेल्या ओलाव्यातून तेच निसटतात आणि जाताना आपला मोठा वाटा घेऊन जातात. मागे राहिलेल्यांची सरासरी उतरते, म्हणजे पाणी थंड होते. आणि उरलेले रेणू एकमेकांवर आदळत पुन्हा तीच विषम वाटणी उभी करतात, त्यामुळे शेपटी कधी रिकामी होत नाही. आमच्या वऱ्हाडात मे महिन्याच्या कोरड्या हवेत माठाचे पाणी दात शिवशिवण्याइतके गार होते आणि वाळ्याच्या ताट्यांचा कूलर खोली थंड करतो. कोकणात हवेत आधीच इतकी बाफ असते, की निसटणाऱ्यांइतकेच रेणू माघारी येत राहतात, आणि म्हणून तेथे कूलरचा उपयोग होत नाही.

माठातले पाणी थंड होते तेव्हा त्या पाण्याची एंट्रॉपी घटते, हे खरे. परंतु बाहेर पडलेल्या बाफेला मोकळ्या हवेत मांडणीचे इतके नवे पर्याय मिळतात, की एकूण बेरीज वाढीचीच होते. नियम एकूण बेरजेबद्दल आहे. एखाद्या भागात घट झाली तर नियम मोडला, असे समजू नये.

आता मूळ प्रश्न, म्हणजे उष्णता गरमाकडून थंडाकडेच का जाते. त्याचेही उत्तर चिंचोक्यांतच मिळते, फक्त दोन संच घ्यावे लागतात. पहिल्या संचात सात रेणू व सात एकके, तो थंड. दुसऱ्यात सात रेणू व चौदा एकके, तो गरम. पहिल्याच्या मांडण्या १,७१६ आणि दुसऱ्याच्या ३८,७६०. दोन्ही संच शेजारी ठेवले की एकाच्या प्रत्येक मांडणीबरोबर दुसऱ्याची कोणतीही मांडणी जोडता येते, म्हणून एकूण मांडण्या म्हणजे या दोन संख्यांचा गुणाकार. गरम संचातून एक एकक थंड संचात गेले, तर थंडाच्या मांडण्या ३,००३ होतात, म्हणजे पावणेदोन पट. गरमाच्या २७,१३२ होतात, म्हणजे ०.७ पट. दोन्हींचा गुणाकार १.२२५. थंडाला मिळालेला फायदा गरमाच्या तोट्यापेक्षा मोठा आहे, आणि एकूण मांडण्या साडेबावीस टक्क्यांनी वाढल्या. उलट, एक एकक थंडाकडून गरमाकडे गेले असते, तर थंडाच्या मांडण्या ९२४ वर आल्या असत्या, गरमाच्या ५४,२६४ झाल्या असत्या, आणि एकूण मांडण्या आधीच्या सुमारे तीन-चतुर्थांश उरल्या असत्या. ज्याच्याकडे कमी आहे त्याच्या पर्यायांत एका एककाने पडणारी भर मोठी असते. तापमान म्हणजे नेमके हेच: एक एकक वाढवल्यावर मांडण्या किती पटीने वाढतात, याचे ते माप आहे. ही पट मोठी असेल तर वस्तू थंड, लहान असेल तर गरम. ही ओळ पहिल्यांदा समजली तेव्हा मी विद्यार्थी होतो, आणि त्या संध्याकाळी बराच वेळ वहीतला आकडा पाहत बसलो होतो, हे आजही आठवते.

सात रेणूंच्या खेळात उलटा प्रवास अधूनमधून होतच असतो. तीन-चतुर्थांश म्हणजे काही अशक्य नव्हे. परंतु १८ ग्रॅम पाण्यात सुमारे ६०२ वर एकवीस शून्ये एवढे रेणू असतात. दर पायरीला मिळणारा हा लहानसा झुकाव एवढ्या रेणूंच्या बाबतीत स्वतःशीच गुणला जातो, आणि उलट्या प्रवासाची शक्यता इतकी नगण्य होते, की विश्वाच्या आजवरच्या आयुष्यातही तो दिसण्याची वाट पाहण्यात अर्थ उरत नाही. दुसऱ्या नियमाची अटळता एवढीच आहे. कोणत्याही बलाने रेणूंना त्या दिशेला ढकललेले नसते.

गुणाकार हाताळायला अवघड, आणि एंट्रॉपीची तर बेरीज व्हायला हवी. म्हणून बोल्ट्झमन यांनी मांडण्यांच्या संख्येचा लघुगणक घेतला. व्हिएन्नाच्या मध्यवर्ती दफनभूमीत त्यांच्या समाधीवर 'एस = के लॉग डब्ल्यू' हे सूत्र कोरलेले आहे: एस ही एंट्रॉपी, डब्ल्यू ही मांडण्यांची संख्या. गंमत अशी, की त्यातील 'के' हा स्थिरांक या रूपात प्रथम जर्मन भौतिकशास्त्रज्ञ मॅक्स प्लँक यांनी वापरला. बोल्ट्झमन यांना ऊर्जेची एकके ही केवळ मोजणीची सोय वाटत होती. प्लँक यांनी १९०० च्या डिसेंबरात बर्लिन येथे प्रारणाचे (तापलेल्या वस्तूतून बाहेर पडणाऱ्या प्रकाश-उष्णतेचे) सूत्र सिद्ध करताना तीच मोजणी वापरली, आणि तेथे मात्र ती एकके पुसून टाकता येईनात. ऊर्जा सुट्या एककांतच दिली-घेतली जाते, या पुंज (क्वांटम) कल्पनेचा जन्म असा झाला. १९२४ मध्ये ढाक्यातून सत्येंद्रनाथ बोस यांनी आइन्स्टाइन यांना जो निबंध पाठवला, त्यात याच मोजणीत 'कोणता कण' हा प्रश्नच काढून टाकून प्लँक यांचे सूत्र नव्याने मिळवले होते. मे २०१९ पासून बोल्ट्झमन स्थिरांकाचे, म्हणजे त्याच 'के'चे, मूल्य ठरवूनच टाकलेले आहे आणि केल्विन हे तापमानाचे एकक त्याच्यावरून निश्चित केले जाते.

आता पसाऱ्याकडे येतो. शर्ट घडी करून कपाटात ठेवला काय आणि खुर्चीवर फेकला काय, त्याच्या धाग्यांतील रेणूंमध्ये ऊर्जेच्या जेवढ्या मांडण्या शक्य होत्या, जवळजवळ तेवढ्याच राहतात. फेकताना हाताने खर्च केलेली ऊर्जा उष्णता होऊन हवेत गेली, तेवढी एंट्रॉपी मात्र खरोखर वाढली. आणि आईने तो शर्ट पुन्हा घडी केला तेव्हाही ती वाढलीच. व्यवस्थित खोली आणि अस्ताव्यस्त खोली हा फरक पाहणाऱ्याच्या सोयीचा आहे. रेणूंना त्याची दखल नाही. लॉस एंजेलिस येथील ऑक्सिडेंटल कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारे फ्रँक लॅम्बर्ट यांनी निवृत्तीनंतर हाच मुद्दा लावून धरला. १९९९ पासून त्यांनी याविषयी सातत्याने लिहिले आणि रसायनशास्त्राच्या अनेक अमेरिकी पाठ्यपुस्तकांनी त्यानंतर 'अव्यवस्था' हा शब्द वगळला. त्यांनी सुचवलेला पर्याय ऊर्जेच्या विखुरण्याचा होता. तो पसाऱ्यापेक्षा निश्चितच चांगला आहे, पण विखुरणे म्हणजे सर्वांना सारखे, असा समज त्यातून होऊ शकतो, आणि आपल्या त्या पत्रलेखक वाचकांचा झाला तोही बहुधा असाच झाला असावा. शिवाय वायू मोकळ्या जागेत पसरतो तेव्हा त्याची ऊर्जा तेवढीच राहूनही एंट्रॉपी वाढते, कारण जागा वाढली की रेणूंना उपलब्ध असलेल्या ऊर्जापातळ्या दाट होतात आणि तीच ऊर्जा अधिक प्रकारे मांडता येते. म्हणून 'ऊर्जेच्या मांडण्यांची संख्या' हेच शब्द मला सर्वांत निर्धोक वाटतात.

पसाऱ्याची उपमा कुठे उघड खोटी ठरते, तेही सांगतो. फ्रीजरमध्ये न हलवता ठेवलेली शुद्ध पाण्याची बाटली कधीकधी शून्याच्या खाली चार-पाच अंशांवर जाऊनही द्रवच राहते. ती बाहेर काढून टेबलावर जरा आपटली, की डोळ्यांदेखत आत बर्फाच्या सुया पसरत जातात. हे काही सेकंदांत होते, त्यामुळे बाहेरच्या हवेशी उष्णतेची देवघेव जवळजवळ होत नाही. गोंधळातून रेखीव स्फटिक तयार झाला, मग उपमेच्या हिशेबाने एंट्रॉपी घटायला हवी. पण बदल आपोआप झाला आहे, म्हणजे ती वाढलीच असली पाहिजे, आणि वाढतेच. स्फटिकात बसलेल्या रेणूंनी सोडलेली ऊर्जा संपूर्ण बाटलीतील रेणूंच्या हालचालींत जाते आणि तापमान चढून शून्यावर येते. स्फटिकात जागा पक्क्या झाल्याने जेवढ्या मांडण्या गेल्या, त्यापेक्षा अधिक मांडण्या या वाटलेल्या ऊर्जेने उघडल्या. डोळ्यांना व्यवस्था दिसते आणि मोजणी वाढ दाखवते. अशा वेळी मोजणीवर विश्वास ठेवायचा असतो.

माझी आपल्याला विनंती आहे, की यापुढे आपल्या पुरवणीत 'एंट्रॉपी' हा शब्द तसाच ठेवावा आणि त्याच्यापुढे 'अव्यवस्था' हा प्रतिशब्द देऊ नये. बारावीची आणि पदवीची मुले पुरवणीतील असे लेख कापून ठेवतात. माझ्या वर्गात अशी कात्रणे घेऊन येणारी मुले मी पाहिली आहेत, आणि कात्रणात छापलेले चुकीचे आहे हे त्यांना पटवताना वर्गातले दोन-दोन तास गेले आहेत. लेखकांनी पुढील लेखात दुरुस्ती करण्याचे मनावर घेतले, तर बोल्ट्झमन यांचा सात रेणूंचा तक्ता छापावा, असे सुचवतो. वाटणीचे प्रकार पंधरा, प्रत्येकापुढे मांडण्यांची संख्या, आणि तळाशी बेरीज १,७१६. अर्ध्या स्तंभात तो सहज मावेल.

आपला,
भौतिकशास्त्राचा एक निवृत्त प्राध्यापक, अकोला